विजेरीतला दिवा बदलण्यापूर्वी

तुमच्या घरात दाराजवळच्या खिळ्याला एक विजेरी टांगलेली असेल. गावाकडे तिला सरळ ‘बॅटरी’ म्हणतात आणि तिच्या पोटात घालायच्या त्यांना ‘सेल’. पुस्तकातली बॅटरी वेगळी, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण खिळ्यावरची बॅटरी मागितली तर घरातले कोणी घटमाला आणून देत नाही. तेव्हा नावावरून वाद नको. या लेखापुरते आपण तिला विजेरी म्हणू.

ही विजेरी शहरातल्या घरी वर्षातून चार वेळा खाली येते. पिंपळवंडीसारख्या गावात तसे नसते. जुन्नर तालुक्यात नारायणगाव आणि आळेफाटा यांच्या मधल्या पट्ट्यातले हे गाव. आसपास ऊस, कांदा, टोमॅटो. शेतीपंपांना तीन फेजची वीज पाळीपाळीने मिळत आली आहे : काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. सौर प्रकल्पांमुळे अलीकडे दिवसाच्या विजेची सोय वाढते आहे. पण जिथे रात्रपाळी उरली आहे तिथे मध्यरात्री लाईट आली की कोणाला तरी उठावे लागते. स्टार्टर दाबायचा, पाणी वाफ्यात पोहोचले की नाही ते पाहायचे, दारे धरायची. आणि त्याच उसात बिबट्या राहतो. तिथेच त्याची पिल्ले जन्मतात. या तालुक्यात माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालवावे लागते, यावरून प्रश्न किती मोठा आहे ते समजेल. या भागात माणसे दगावली आहेत, लहान मुलेही दगावली आहेत. म्हणून अशा घरात विजेरीच्या उजेडाबद्दल कोणी गंमत म्हणून बोलत नाही.

आता समजा तुम्ही नववीत आहात. तुम्हाला सोल्डर मारता येते हे घरात माहीत आहे. वडील जुनी पत्र्याची विजेरी तुमच्या हातात देतात आणि म्हणतात, “हिच्यात तो एलईडी टाक बरं. उजेड जरा लांब पडंल असा.” तुम्ही आळेफाट्याला किंवा नारायणगावला दुकानात जाता. दुकानदार विचारतो, “किती वॅटचा देऊ?” आणि साहजिकच तुम्ही म्हणता, “असेल त्यातला मोठा द्या.”

माझे मत आधीच सांगून टाकतो. हा उद्योग तुम्ही जरूर करावा, आणि शाळेने तो तुम्हाला करू द्यावा. पण ‘असेल त्यातला मोठा’ हे उत्तर चुकीचे आहे. तशी विजेरी ओट्यावर बसून भिंतीवर झोत टाकताना झकास दिसेल आणि रात्री दोन वाजता बांधावर दगा देईल. असे का, ते आता पाहू.

जुन्या विजेरीतला बल्ब काय करतो? टंगस्टनचा बारीक तंतू दोन-अडीच हजार अंशांपर्यंत तापवतो. तापलेली वस्तू प्रकाशते, हा सगळा त्याचा धंदा. अडीच व्होल्ट आणि ०.३ अँपिअरचा बल्ब पाऊण वॅट वीज खातो आणि प्रकाश देतो फार तर दहा ल्युमेन. (ल्युमेन म्हणजे दिव्यातून चहूकडे बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप.) घेतलेल्या विजेतले शंभरातले चार-पाच हिस्सेच प्रकाश होतात, बाकीची सारी उष्णता. आज बाजारात सहज मिळणारा एक वॅटचा पांढरा एलईडी शंभरेक ल्युमेन देतो. म्हणजे बल्बपेक्षा थोडी जास्त वीज घेऊन दहापट प्रकाश. एवढा फरक असताना जुना बल्ब जपून ठेवण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही.

एलईडी म्हणजे प्रकाश उत्सर्जक डायोड. यात काही तापवून प्रकाशवायचे नसते. अर्धवाहकाच्या दोन थरांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवरून खालच्या पातळीवर उतरतो आणि तेवढ्या ऊर्जेचा प्रकाशकण बाहेर पडतो. तांबडा प्रकाश देणारा डायोड निक होलोनियाक यांनी १९६२ साली करून दाखवला. निळा मात्र तीस वर्षे हाती लागेना. जपानमध्ये आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडचा पिच्छा पुरवून तो मिळवला; त्यासाठी २०१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. निळ्याचे एवढे महत्त्व का? कारण तुमच्या हातातला ‘पांढरा’ एलईडी मुळात निळाच असतो! त्याच्यावर पिवळसर भुकटीचा लेप दिलेला असतो. काही निळा प्रकाश तसाच बाहेर पडतो, काहीचा पिवळा होतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे दिसते. न पेटलेला एलईडी उन्हात धरून पाहा, पिवळा ठिपका दिसेल.

या निळेपणातच पहिली अडचण दडलेली आहे. प्रकाशकणाची ऊर्जा काढायचे सोपे गणित असे : १२४० या संख्येला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागायचे, उत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये येते. निळ्या एलईडीची तरंगलांबी ४५० धरा. १२४० भागिले ४५०, म्हणजे सुमारे २.८. याचा अर्थ, चांगला प्रकाश मिळायचा तर एलईडीच्या टोकांमध्ये पावणेतीन ते सव्वातीन व्होल्ट हवेत. जुन्या विजेरीत सेल दोन. दोन्ही कोरे करकरीत असताना तीन व्होल्ट, आणि थोडे वापरले की अडीच. त्यावर एलईडी नुसता मिणमिणेल. सेल मोठ्या आकाराचे घातले म्हणून काही फरक पडत नाही.

ज्यांच्या घरी विहिरीवर मोटर आहे त्यांना हे चटकन समजेल. तीस मीटर ‘हेड’चा पंप चाळीस मीटर उंचीवरच्या टाकीत पाणी चढवू शकत नाही. तो रात्रभर चालवा, विहीर तुडुंब भरलेली असू द्या, टाकीत थेंब पडणार नाही. व्होल्ट म्हणजे ही उंची. मोठा सेल म्हणजे मोठी विहीर. पाणी अधिक, पण उंची तीच. म्हणून एकतर सेल तीन हवेत, नाहीतर व्होल्ट चढवून देणारे छोटे मंडल मध्ये बसवावे लागते. तशी मंडले तयार मिळतात, पण पहिल्या खेपेला मी तीन सेलच सुचवीन.

तीन सेलचे साडेचार व्होल्ट झाले. आता दुसरीच पंचाईत. साडेचार व्होल्ट सरळ एलईडीला जोडले तर काय होईल? बंधाऱ्याचा सांडवा आठवा. पाणी सांडव्याच्या माथ्याखाली आहे तोवर एक थेंब पलीकडे जात नाही. माथ्यावर चार बोटे चढले की ओढा वाहू लागतो आणि हातभर चढले की पूर येतो. एलईडीचे वागणे असेच आहे. सव्वातीन व्होल्टपर्यंत तो सभ्य असतो. त्यावर थोडेसे व्होल्ट वाढले तरी विद्युतधारा भराभरा वाढते. साध्या तारेसाठी तुम्ही ओहमचा नियम शिकलात, तो इथे एलईडीला एकट्याला लागू पडत नाही. म्हणून त्याच्या जोडीला, एकसर जोडणीत, एक रोध द्यायचा. रोधाला ओहमचा नियम पाळावाच लागतो, आणि मग एलईडीतली धाराही आवरली जाते.

किती ओहमचा? एलईडीवर ३.२ व्होल्ट पडतील, उरले १.३. धारा हवी ०.३५ अँपिअर. १.३ भागिले ०.३५ म्हणजे ३.७ ओहम. दुकानात ३.९ ओहमचा मिळेल, तो घ्या. त्यात जिरणारी शक्ती १.३ गुणिले ०.३५, म्हणजे जवळजवळ अर्धा वॅट. तेव्हा अर्ध्या वॅटचा रोध घेऊ नका, तो भाजेल. एक वॅटचा घ्या. सेल उतरून प्रत्येकी १.२ व्होल्टवर आले की धारा निम्म्यावर येईल आणि प्रकाशही साधारण निम्मा होईल, पण विझणार नाही. हे उत्तर मला आवडते. विजेरीने मरण्यापूर्वी तासभर आधी सांगावे की मी आता थकले.

इथपर्यंत वर्गातले गणित झाले. यापुढे जे सांगायचे ते मी स्वतः तोंडघशी पडून शिकलो. काही वर्षांपूर्वी मी एका प्लास्टिकच्या विजेरीत तीन वॅटचा एलईडी बसवला. हिशेब बरोबर होता, जोडणी बरोबर होती. पहिली दोन मिनिटे समोरच्या घराच्या कौलांवर दिवस उजाडला. पाचव्या मिनिटाला उजेड उतरलेला जाणवला. मी सेलला दोष दिला. नवे सेल घातले, पुन्हा तेच. दहाव्या मिनिटाला तोंडाजवळचे प्लास्टिक मऊ झाले आणि परावर्तक एका बाजूला कलला. एलईडी उघडून पाहिला तर त्याचा प्रकाश कायमचा निळसर पडला होता.

चूक अशी झाली. बल्ब आपली उष्णता समोर फेकतो. त्याच्यापुढे हात धरला की ऊब लागते. एलईडीच्या झोतात हात धरा, काही लागणार नाही. म्हणून आपल्याला वाटते की हा थंड दिवा आहे. पण एलईडीही घेतलेल्या विजेचा सुमारे तिसरा हिस्साच प्रकाशात बदलतो. उरलेले दोन हिस्से उष्णता, आणि ती सगळी त्याच्या पाठीतून बाहेर पडते. तिला वाट धातूचीच लागते. पाठीला ॲल्युमिनियमची चकती, चकतीला विजेरीचे पत्र्याचे अंग, अंगाला तुमचा हात आणि रात्रीची हवा, अशी वाट मोकळी असेल तर एलईडी वर्षानुवर्षे चालतो. प्लास्टिकच्या डबीत त्याला कोंडले की तो स्वतःच्याच तापाने आधी मंद होतो, मग बिघडतो. आपली जुनी पत्र्याची विजेरी इथे उपयोगी पडते. एक वॅटचा एलईडी चांदणीच्या आकाराच्या ॲल्युमिनियम तुकड्यावर बसवलेला मिळतो. त्याच्या पाठीला उष्णतावाहक मलम लावून तो पत्र्याला घट्ट टेकेल असा बसवा. एक वॅटच्या वर मात्र अशा विजेरीत जाऊ नका.

आता झोत लांब कसा पडायचा, हा वडिलांचा मूळ प्रश्न. त्यासाठी पिंपळवंडीहून फार लांब जायला नको. काही किलोमीटरांवर खोडद आहे. तिथली विशाल मीटरतरंग रेडिओ दुर्बीण तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे शाळांच्या मुलांचे प्रदर्शन भरते. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. आकाशातून समांतर येणाऱ्या रेडिओलहरी अन्वस्त आकाराच्या तबकडीवर आपटतात आणि परावर्तित होऊन नाभीवर, म्हणजे चार पायांच्या टोकावर टांगलेल्या ग्राहकावर, एकवटतात. आता या लहरी मनातल्या मनात उलट्या चालवा. नाभीवर दिवा ठेवा. त्याचे किरण तबकडीवर आपटून समांतर बाहेर पडतील. हीच तुमची विजेरी! खोडदची तबकडी तारेच्या जाळीची आहे आणि विजेरीची आरशासारखी चकचकीत, हा फरक लहरींच्या लांबीमुळे. मीटरभर लांबीच्या लहरीला जाळीची भोके जाणवतच नाहीत. प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, तिला नखाचा ओरखडाही जाणवतो. म्हणून परावर्तक रुमालाने पुसू नका.

खोडदला ग्राहक नाभीवरून थोडाही हलवून चालत नाही. विजेरीत मात्र लोक बल्बच्या भोकात एलईडी कोंबतात आणि म्हणतात, “एलईडीचा झोत लांब जात नाही.” जाईल कसा? बल्बचा तंतू भोकापासून काही मिलिमीटर पुढे, बरोबर नाभीवर असतो आणि त्याचा प्रकाश चहूकडे फाकतो. बहुतेक किरण परावर्तकावर आदळतात. एलईडी चपटा असतो. त्याचा प्रकाश फक्त समोरच्या बाजूला पडतो आणि त्यातला बराचसा परावर्तकाला न शिवताच पसरतो. त्यातून तो नाभीच्या मागे-पुढे बसला तर भिंतीवर मध्ये काळा डाग आणि भोवती उजेडाचे कडे दिसते. यावर उपाय चिकाटीचा आहे. पाच मीटरवरच्या भिंतीवर झोत टाका. एलईडीच्या चकतीखाली पातळ पत्र्याच्या चकत्या एकेक घाला किंवा काढा, आणि मधला ठिपका सर्वांत लहान व सर्वांत ठसठशीत होईल तिथे थांबा. कागदाच्या चकत्या घालू नका, उष्णतेची वाट अडेल. एवढ्या खटपटीने तुम्हाला जो फायदा होईल तो तीन वॅटचा एलईडी विकत घेऊन होणार नाही.

कारण अंतराचे गणित कठोर आहे. दुप्पट अंतरावर तेवढाच उजेड पाडायचा तर झोताची तीव्रता चौपट लागते. विजेऱ्यांसाठी २००९ साली अमेरिकेत एक मानक ठरले. त्यात ‘झोताचा पल्ला’ म्हणजे ज्या अंतरावर उजेड पाव लक्स उरतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका. शंभर मीटर पल्ल्याला २५०० कॅन्डेला तीव्रता पुरते. दोनशे मीटरला दहा हजार लागते. आता विचार करा, बांधावर चालणाऱ्याला किती लांबचे पाहायचे असते? समोर ऊस उभा असतो. वीस-पंचवीस मीटरपलीकडे पाहायला तिथे वाटच नसते. पंचवीस मीटरवर पौर्णिमेच्या दहापट उजेड पाडायलाही १६०० कॅन्डेलाच्या आतच काम भागते, आणि नाभीवर नीट बसवलेला एक वॅटचा एलईडी तेवढे देऊ शकतो.

उलट जादा उजेडाचा उसात त्रासच होतो. पुढची चार पाने झगझगीत उजळतात आणि त्यांच्या चमकण्याने मागचे काहीच दिसत नाही. आपल्या डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. ती सवय झगमगाटाने क्षणात मोडते, आणि विजेरी बंद केल्यावर माणूस आंधळ्यासारखा उभा राहतो. धुक्यातही तेच. एक बारीकशी गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. मांजर, बिबट्या यांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा थर असतो. त्यावर पडलेला प्रकाश जिकडून आला तिकडेच परततो. म्हणजे बिबट्याचे डोळे चमकताना दिसायचे तर विजेरी तुमच्या डोळ्यांच्या जवळ, खांद्याच्या उंचीवर हवी. कमरेपाशी धरली तर चमक कमरेकडे परत येईल! पण धुक्यात आणि पायाखालचे पाहताना ती खालीच धरावी लागते, नाहीतर धुक्याचा पांढरा पडदाच डोळ्यांवर येतो. पायाखाली नाग, घोणस असू शकते हे सांगायला नकोच. घोणस मातीच्या रंगाची. तांबूस छटा कमी असलेल्या निळसर एलईडीत ती आणि ढेकूळ सारखेच दिसतात. म्हणून दुकानात ‘पिवळसर पांढरा’ मागा. प्रकाश थोडा कमी मिळेल, मिळू द्या.

उजेड किती, याच्या आधी मी विचारीन, उजेड किती वेळ? बाजारातल्या चकचकीत विजेऱ्या याच प्रश्नाला बगल देतात. त्यांत बहुधा १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम सेल असतो. त्यावर काही वेळा ९९०० मिलिअँपिअर-तास असा आकडा छापलेला आढळतो. हा आकडा खोटा आहे. या आकाराचा उत्तम सेलही ३६०० च्या आसपास थांबतो. साधा बावीसशे-पंचवीसशेचा असतो. बावीसशेचा धरून गणित करा : ३.७ व्होल्ट गुणिले २.२ अँपिअर-तास, म्हणजे सुमारे आठ वॅट-तास. त्याच विजेरीवर ‘१० वॅट’ लिहिले असेल तर ती पूर्ण उजेडाने तासभरही चालणे शक्य नाही. मग ती रात्रभर चालते असे दुकानदार म्हणतो ते कसे? चालतेही, पण कशी! वर सांगितलेल्या मानकातसुद्धा, उजेड मूळच्या दहाव्या हिश्शावर येईपर्यंतचा सगळा वेळ ‘चालण्याचा काळ’ म्हणून धरला जातो. उसाच्या सरीत उभ्या असलेल्या माणसाला या दहाव्या हिश्शाचा उपयोग काय?

आता शिक्षकांशी दोन शब्द. मुलांच्या हाती विजेरी आणि सोल्डरिंगची कांडी द्यायला आपण कचरतो. भाजेल, पुस्तक मागे पडेल, आणि दोनशे रुपयांत नवी मिळत असताना ही उस्तवार कशाला, असे म्हणतो. पैशांचा मुद्दा मला मान्य आहे. रोध, एलईडी, मलम, जादा सेल यांचा खर्च आणि दोन शनिवार धरले तर ही विजेरी स्वस्त पडत नाही. पण दोनशे रुपयांची विजेरी उघडतच नाही. तिचे तोंड चिकटवलेले असते; बिघडली की ती फेकायची आणि आत काय बिघडले ते कधीच कळायचे नाही. जे मूल एकदा चकत्या घालून ठिपका जुळवते त्याला नाभी म्हणजे काय हे पुन्हा विचारावे लागत नाही. धाराविद्युत, परावर्तन आणि उष्णतेचे वहन हे तीन धडे तीन महिन्यांच्या अंतराने शिकवायचे आणि तिन्ही एकाच डबीत बसलेले असतात हे मुलांना दाखवायचे नाही, हे मला पटत नाही.

धोक्याचा मुद्दा मात्र खराच आहे, तो उडवून लावू नये. शाळेत साध्या दीड व्होल्टच्या सेलवर चालणारीच विजेरी उघडावी. लिथियम सेलला सोल्डर लावू नये, तो दाबू वा टोचू नये; त्याची टोके जुळली तर आग लागते. आणि ज्या विजेरीच्या बुडातून दोन पिनांचा प्लग बाहेर येतो तिला मुलांनी हात लावूच नये. स्वस्त प्रकारांत आत ट्रान्सफॉर्मर नसतो. घरातली २३० व्होल्टची वीज एका धारित्रामार्फत थेट आतल्या तारांना भिडलेली असते. प्लगला लावून ती उघडणे म्हणजे उघड्या वायरला हात घालणे. एलईडीकडे जवळून एकटक पाहू नये, हे तर ओघाने आलेच.

आणखी एक गोष्ट, ती विजेरीच्या बाहेरची आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. रात्री पाणी भरायला शाळकरी मुलांना एकट्याने पाठवू नये, विजेरी कितीही चांगली असो. विजेरीने बिबट्या पळतो असे समजू नये. तिच्यामुळे आपल्याला तो वेळेवर दिसण्याची शक्यता वाढते, एवढेच. दोघांनी जावे, बोलत जावे, हातात काठी असावी, उसाच्या कडेला वाकून किंवा बसून राहू नये. आणि दिवसा वीज मिळावी ही मागणी मोठ्यांनी सोडू नये. ती मिळाली तर या लेखातले पुष्कळसे गणित नुसतेच गणित उरेल, आणि मला त्याचा आनंदच होईल.

तोवर मात्र तुम्ही बदललेल्या विजेरीवर घरातले माणूस विसंबणार आहे, हे ध्यानात घ्या. म्हणून ती लगेच वडिलांच्या हाती देऊ नका. एका रात्री दहा वाजता नवे सेल घालून ती स्वयंपाकघरात पेटती ठेवा. तीन मीटरवर वर्तमानपत्र लावा. अर्ध्या तासाने एकदा, मग दर तासाने उठून ते कुठल्या आकाराच्या अक्षरांपर्यंत वाचता येते ते वहीत टिपा. मोबाइलमधले प्रकाशमापक वापरलेत तर आकडे खरे नसले तरी चढउतार समजेल. प्रत्येक वेळी विजेरीच्या तोंडाजवळ हात लावून पाहा. पहिल्या अर्ध्या तासानंतर ती हातात धरवत नसेल तर उष्णतेची वाट कुठेतरी तुटली आहे. सकाळी ती कमरेच्या उंचीवरून मातीत तीनदा टाका, ओल्या हाताने पाच-पन्नास वेळा बटण दाबा. बहुतेक विजेऱ्या एलईडीने नाही, बटणाच्या गंजलेल्या पट्टीने मरतात. ती पट्टी काचकागदाने घासली का, हे आता आठवेल. या परीक्षेत ती पास होईपर्यंत जुनी विजेरी खिळ्यावरच राहू द्या. आणि वहीतल्या त्या रात्रीच्या नोंदी शाळेत घेऊन जा, सरांना किंवा बाईंना दाखवा.